मुलाला कावीळ, पण कारण सापडेना : नागपूरच्या पालकांनी काय पाहायचं, काय जपायचं, कधी निघायचं

'सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आहेत, कारण कळत नाही.' मुलाचे डोळे पिवळे झालेले, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) हजाराच्या वर गेलेलं, आणि हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज आणणाऱ्या ए, बी, सी, ई या विषाणूंपैकी एकही सापडत नाही, हे ऐकून कुठल्याही आई-बाबांच्या पायाखालची जमीन सरकते. मग घरातला प्रत्येक जण कारणाच्या मागे लागतो. पाणी खराब होतं का, बाहेरचं खाल्लं का, कुणाची नजर लागली का. काळजी साहजिक आहे. पण त्या दिवसांत मुलाचा जीव दोन गोष्टींवर अवलंबून असतो. यकृत काम करतंय की थकत चाललंय, हे रोज पाहणं ही पहिली. घरात काय घडलं याची खरी आणि पूर्ण माहिती डॉक्टरांच्या हाती देणं ही दुसरी. कारणाचं नाव उशिरा कळलं, अगदी कळलंच नाही, तरी या दोन गोष्टी नीट केल्या तर बरीच मुलं बरी होतात. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

'अज्ञात कारण' म्हणजे काय

हा शब्द आपल्याकडे बातम्यांतून आला. ५ एप्रिल २०२२ रोजी ब्रिटनने जागतिक आरोग्य संघटनेला मध्य स्कॉटलंडमधल्या दहा मुलांविषयी कळवलं. धडधाकट मुलं, अचानक गंभीर हिपॅटायटिस, आणि ए ते ई यांपैकी एकही विषाणू नाही. ८ जुलैपर्यंत ३५ देशांतून अशा १,०१० संभाव्य रुग्णांची नोंद झाली. २२ मुलं दगावली, ४६ मुलांना यकृत प्रत्यारोपण लागलं. संघटनेने त्यासाठी व्याख्या ठरवली होती : वय १६ वर्षं किंवा कमी, एसजीपीटी किंवा त्याच्याच जोडीचा घटक एसजीओटी ५०० च्या वर, आणि ए ते ई हे पाचही विषाणू नाहीत. बहुतेक मुलं सहा वर्षांखालची होती. त्यामुळे 'कोविडच्या लसीने झालं' ही अफवा तिथेच निकालात निघाली, कारण त्यांतल्या बहुतेकांना लस मिळालेलीच नव्हती.

सुरुवातीला संशय ॲडिनोव्हायरस ४१ वर होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एएव्ही-२ नावाचा दुसरा विषाणू बहुतेक मुलांत सापडला. हा एकट्याने वाढू शकत नाही. त्याला ॲडिनो किंवा हर्पीस गटातला सोबती लागतो. स्कॉटलंडच्या मुलांत एक ठरावीक आनुवंशिक ठेवणही जास्त आढळली. म्हणजे दोन विषाणू आणि त्या मुलाची स्वतःची प्रतिकारशक्ती, असा तिहेरी योग जुळून आला असावा, असं आज मानलं जातं.

आपल्या देशाला असा अनुभव नवा नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ज्या विषाणूमुळे झाली तो हिपॅटायटिस ई पुढे १९८३ मध्ये ओळखला गेला. तोवर ती साथही एका अर्थाने अज्ञातच होती.

तेव्हा हे पक्कं धरून चाला : 'अज्ञात' हा शिक्का सगळ्यात शेवटी मारायचा असतो. नागपूर-विदर्भात मुलाच्या यकृताला सूज आणणारी ओळखीची कारणं भरपूर आहेत. ती एकेक करून तपासायच्या आधीच कुणी 'काही व्हायरल असेल' म्हणून फाइल बंद करत असेल, तर नम्रपणे पण ठामपणे पुढचं विचारा.

पहिली पायरी : घरी नीट बघा

कावीळ बघायची ती दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी किंवा अंगणात. पिवळ्या बल्बखाली सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसतात. मुलाला खाली बघायला सांगा, वरची पापणी अलगद उचला आणि बुबुळाच्या वरचा पांढरा भाग बघा. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं पिवळं रंगद्रव्य, साधारण दोन-अडीचच्या पुढे गेलं की तिथे पिवळेपणा दिसतो. गाजर, भोपळा, पपई रोज भरपूर खाणाऱ्या बाळाचे तळहात, तळपाय आणि नाक पिवळसर होतात, पण डोळे पांढरेच राहतात. तो आजार नाही.

पुढे लघवी. सकाळची पहिली लघवी नेहमीच गडद असते, म्हणून दिवसभर पाणी प्यायल्यावरची बघा. ती कोऱ्या चहासारखी होत असेल तर डोळे पिवळे नसले तरी रक्त तपासायला हवं. शी पांढुरकी, ओल्या मातीच्या रंगाची झाली असेल तर पित्त आतड्यात उतरत नाहीये असा अर्थ. दोन आठवड्यांपेक्षा मोठ्या तान्ह्या बाळाची कावीळ गेलेली नसेल आणि शी पांढरी असेल, तर तो वेगळा आणि घाईचा विषय आहे. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

पिवळेपणाच्या चार-सहा दिवस आधी बहुधा वेगळंच चाललेलं असतं. भूक जाते, उलट्या होतात, उजव्या बरगडीखाली दुखतं, कधी जुलाब, कधी बारीक ताप. २०२२ च्या मुलांतही पोटाच्या तक्रारीच आधी होत्या. आपल्याकडे हे 'ऊन लागलं' किंवा 'पोट बिघडलं' यात सहज जमा होतं. दोन दिवसांत भूक परतली नाही आणि अन्नाच्या वासानेच मळमळतंय, असं दिसलं तर लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्यावी.

आपल्या भागासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. अशा मुलांचे डोळे अधूनमधून पिवळे होतात, कारण त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात. त्या कावीळीत हिमोग्लोबिन उतरलेलं असतं आणि एसजीपीटी फारसं वाढलेलं नसतं. पण सिकलसेलच्या मुलाला खरा हिपॅटायटिसही होऊ शकतो आणि तो जास्त जोरात येतो. म्हणून 'याला तर नेहमीच होतं' असं म्हणून घरी बसू नका. मुलाचं सिकलसेलचं कार्ड असेल तर ते आधी दाखवा.

दुसरी पायरी : या खुणा दिसल्या की सकाळची वाट बघायची नाही

कावीळ झालेलं मूल दिवसा झोपतं आणि रात्री टक्क जागं राहतं. शांत पोरगं अचानक चिडचिडं होतं, चावतं, ओरडतं. नेहमीच्या माणसाला ओळखायला वेळ लावतं, बोलताना जीभ अडखळते, उगाच हसतं, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देतं. यकृताने न गाळलेली घाण मेंदूवर परिणाम करू लागल्याची ही लक्षणं आहेत. घरच्यांना ती अशक्तपणासारखी किंवा हट्टासारखी वाटतात, आणि नेमका तिथेच वेळ जातो. लिहिता येणाऱ्या मुलाकडून रोज सकाळ-संध्याकाळ एकाच कागदावर त्याचं नाव लिहून घ्या आणि एक चांदणी काढून घ्या. अक्षर बिघडलं, चांदणीचे कोपरे जुळेनासे झाले, की डोळ्यांना दिसण्याआधी कागदावर दिसतं. हा साधा उपाय मी प्रत्येक घराला सांगते.

बाकीच्या खुणा स्पष्ट असतात. नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर कारण नसताना निळे डाग पडणं, काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, पोट फुगणं, सहा-आठ तास लघवी न होणं, काहीच पोटात न टिकणं, फिटचा झटका येणं. साखर उतरल्यामुळे घाम येऊन अंग थंड पडणं हीसुद्धा तितकीच गंभीर खूण आहे. थकलेल्या यकृताला रात्रभर साखर टिकवता येत नाही.

यांपैकी काहीही दिसलं तर १०८ लावा. गुंगीत असलेल्या मुलाला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका. त्याला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका. मूल पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर मात्र वाटेत साखरपाणी घोटघोट देत चला.

तिसरी पायरी : पिशवी आणि वही

सगळ्यात जास्त वेळ मला इथेच घ्यायचा आहे. अज्ञात म्हणून आलेल्या कितीतरी कावीळींचं कारण घरातल्या एखाद्या बाटलीत, पुडीत किंवा न सांगितलेल्या गोष्टीत असतं.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातून लहान मुलं नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली. आजार मूत्रपिंडाचा होता, यकृताचा नाही. सुरुवातीला कारण लागत नव्हतं. शेवटी ते खोकल्याच्या औषधात मिसळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्यापाशी पोहोचलं. वीसहून अधिक लेकरं गेली. त्यातून प्रत्येक घराने घ्यायचं ते एवढंच की मूल आजारी पडल्यापासून त्याच्या पोटात गेलेली प्रत्येक बाटली, रिकामी असली तरी, लेबल आणि बॅच नंबरसकट जपून ठेवायची.

एक कापडी पिशवी घ्या. मागच्या दोन महिन्यांत मुलाला दिलेली सगळी औषधं तिच्यात टाका : डॉक्टरांनी लिहिलेली, मेडिकल स्टोअरवाल्याने दिलेली, शेजारणीने दिलेली, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, काढा, चूर्ण, भुकेचं टॉनिक, सगळी. 'साधं झाडपाल्याचं आहे, ते काय सांगायचं' असं मनात आणू नका. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं. टीबीची औषधं चालू असतील तर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो. फिटसाठीचं व्हॅल्प्रोएटही त्यातलंच. ही औषधं स्वतःहून बंद करू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पॅरासिटामॉलचं गणित प्रत्येक घरात माहीत असायला हवं. एका वेळेचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसभरात किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही. दहा किलोच्या बाळाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम आणि दिवसाला ६०० मिलिग्रॅम. आता खरी अडचण बघा. पाच मिलीत १२० मिलिग्रॅमवाल्या सिरपचे हे साधारण सहा मिली होतात. पाच मिलीत २५० मिलिग्रॅमवाल्याचे तीन मिली. आणि एका मिलीत १०० मिलिग्रॅम असणाऱ्या ड्रॉप्सचे फक्त दीड मिली. आजीने ड्रॉप्सची बाटली सिरप समजून एक चमचा भरून दिली, तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम गेले. शिवाय सर्दीच्या औषधातही बहुधा पॅरासिटामॉल असतंच. म्हणजे तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं, असं तीन दिवस दिलं की डोस दुप्पट होतो, आणि तेही उपाशी, उलट्या करणाऱ्या पोराला. जास्त गेल्याचा संशय असेल तर लगेच सांगा. ॲसिटिलसिस्टीन हा त्यावर उतारा आहे आणि पहिल्या आठ तासांत तो सर्वांत चांगला लागू पडतो. अशा वेळी 'आपल्याला रागावतील' म्हणून गप्प बसणाऱ्या माणसाला मी हात जोडते. कुणी रागावलं तरी चालेल, पण सांगा.

उंदीर मारायची पेस्ट घरात होती का? ट्यूबमधली, पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट मुलांना टूथपेस्टसारखी वाटते. कधी ती टमाट्याला किंवा पोळीला लावून ठेवलेली असते आणि मूल ती खातं. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस मूल अगदी ठीक दिसतं, आणि त्यानंतर यकृत कोसळतं. मधल्या त्या बऱ्या दिवसांमुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. शेतावर राहणाऱ्यांनी फवारणीच्या औषधांचे डबे, धुऊन पाण्यासाठी वापरलेले कॅनसुद्धा आठवावेत. बांधावरच्या कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खेळता खेळता खाल्ल्याने यकृत, स्नायू आणि मेंदू यांना एकदम इजा झाल्याच्या घटना उत्तर भारतात आणि ओडिशात नोंदल्या गेल्या आहेत. गावी मूल कुणासोबत खेळत होतं, त्या मुलांना काही झालं का, हे फोन करून विचारा.

आता वही. पहिल्या पानावर मुलाचं वजन, लसी, आणि घरात कुणाला लिव्हरचा आजार, लहान वयात झालेला मृत्यू, आई-वडिलांचं आपसातलं जवळचं नातं. दुसऱ्या पानावर मागच्या पन्नास दिवसांतला प्रवास आणि पाणी. पन्नासच का, तर हिपॅटायटिस ए शरीरात शिरल्यापासून दिसायला १५ ते ५० दिवस लागतात. मे महिन्यात मामाच्या गावी प्यायलेलं विहिरीचं पाणी शाळा उघडायच्या सुमारास डोळ्यांत दिसतं. तोपर्यंत सगळं घर कालच्या पाणीपुरीला दोष देत असतं. तिसऱ्या पानापासून रोजची नोंद : ताप, उलट्या, लघवीचा रंग, काय खाल्लं, किती वेळ झोपलं. मोबाइलवर लघवीचा आणि शीचा फोटो काढून ठेवा, लाज बाळगू नका.

चौथी पायरी : कुठे जायचं, कोणत्या तपासण्या

खेळणारं, खाणारं, फक्त पिवळं झालेलं मूल आधी जवळच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवायला हरकत नाही. वरच्या खुणांपैकी एखादी असेल, किंवा रक्त गोठण्याची तपासणी बिघडली असेल, तर सरळ जिथे मुलांचा अतिदक्षता विभाग आहे तिथे. सरकारी व्यवस्थेत मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही नावं नागपूरकरांना माहीत आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून येणाऱ्यांनी निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांकडून लेखी चिठ्ठी आणि रक्ताचे पहिले रिपोर्ट घ्यावेत, आणि नागपूरच्या दवाखान्यात आधी फोन करून खाट आहे का विचारायला सांगावं.

पहिल्या दिवशीच्या तपासण्यांत बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी, अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन), रक्तातली साखर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) हवेतच. शेवटची तपासणी अनेकदा सुटते. साध्या 'कावीळीच्या रिपोर्ट'मध्ये ती नसते. ती मागून घ्या. सोबत हिपॅटायटिस ए आणि ई चे आयजीएम (ताज्या संसर्गात दिसणारी अँटिबॉडी), बी आणि सी च्या तपासण्या. ए चं आयजीएम काही महिने रक्तात टिकू शकतं, त्यामुळे ते पॉझिटिव्ह असूनही मूल बिघडतच असेल तर डॉक्टर दुसरं कारणही शोधतात.

ऋतूप्रमाणे पुढचा संशय बदलतो. जुलै ते नोव्हेंबर डेंग्यू. त्यात एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त वाढलेलं असतं आणि प्लेटलेट उतरतात. पावसाळ्यात गवतात, शेतात वावरणाऱ्या मुलाला स्क्रब टायफस. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास त्याची मोठी साथ आली होती. चिगर या बारीक किड्याच्या चाव्यापाशी सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली असते, पण ती काखेत, जांघेत, कानामागे लपते. आंघोळ घालताना पूर्ण अंग तपासा. ती सापडली तर साध्या, स्वस्त औषधाने मूल दोन-तीन दिवसांत सुधारतं. मलेरिया, विषमज्वर, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) यांचाही विचार होतो.

एवढं होऊनही उत्तर नसेल तर दुसरा टप्पा. पाच वर्षांपुढच्या मुलात विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबं साठणं. त्यासाठी सेरुलोप्लास्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि डोळ्यांची तपासणी. यकृतावर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला ओळखण्यासाठी एएनए, एलकेएम आणि आयजीजी या रक्ततपासण्या. याशिवाय रक्तातला अमोनिया आणि फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन), आणि ईबीव्ही, सीएमव्ही, हर्पीस, ॲडिनोव्हायरस या विषाणूंचा शोध. विल्सन आणि हा ऑटोइम्यून हिपॅटायटिस दोन्ही औषधांनी आटोक्यात येतात, म्हणूनच ते चुकवायचे नाहीत.

एक विनंती डॉक्टरांकडे आवर्जून करा : रक्त किंवा प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) चढवण्याआधी घेतलेला थोडा नमुना राखून ठेवायला सांगा. दुसऱ्याचं रक्त चढलं की अँटिबॉडीच्या तपासण्या गोंधळतात. ॲडिनोव्हायरससाठी पूर्ण रक्ताचा नमुना नुसत्या प्लाझ्मापेक्षा उपयोगी पडतो, हे २०२२ मध्ये दिसलं. घसा, शी आणि लघवी यांचे नमुनेही त्याच वेळी.

पाचवी पायरी : रिपोर्ट कसा वाचायचा

एसजीपीटी हा यकृताच्या पेशी किती फुटताहेत याचा आकडा आहे. यकृत काम किती करतंय ते त्यात दिसत नाही. दोन हजार एसजीपीटी असलेलं मूल आठवड्यात खेळायला लागतं आणि तीनशेवालं अत्यवस्थ असू शकतं. कामाचा आकडा म्हणजे आयएनआर. रक्त गोठवणारे घटक यकृतच बनवतं. आयएनआर साधारण एक असायला हवा. तो दीडच्या वर गेला तर डॉक्टर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देऊन सहा-आठ तासांनी पुन्हा तपासतात. तरीही तो दीड किंवा जास्त राहिला आणि सोबत गुंगी, भ्रम असेल, किंवा भान ठीक असूनही दोन किंवा त्याच्या वर राहिला, तर त्याला यकृत निकामी होणं म्हणतात.

एका गोष्टीने फसू नका. एसजीपीटी तीन हजारांवरून चारशेवर आलं म्हणून घरात पेढे वाटले जातात. त्याच वेळी बिलिरुबिन आणि आयएनआर उतरत असतील तर आनंद खराच आहे. पण ते दोन्ही चढत असतील, सोनोग्राफीत यकृत आधीपेक्षा लहान झालेलं असेल, तर फुटायला पेशीच उरल्या नाहीत असा त्याचा अर्थ. वहीत तीन आकडे एकाखाली एक लिहा : एसजीपीटी, बिलिरुबिन, आयएनआर. तारखेसह. डॉक्टर बदलले, वॉर्ड बदलला, तरी हे पान सोबत राहील.

सहावी पायरी : यकृत थकत असेल तर

प्रत्यारोपणाची गोष्ट शेवटच्या क्षणी काढण्यात अर्थ नाही. आयएनआर चढू लागला की त्याच दिवशी विचारा, 'प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्राशी बोलून ठेवायचं का?' विचारलं म्हणजे करावंच लागेल असं नाही. हिपॅटायटिस ए मुळे निकामी झालेली यकृतंही औषधोपचारांवर सावरतात. पण हलवायचं झालं तर मूल हलवण्याच्या स्थितीत असतानाच हलवावं लागतं. विदर्भात अवयवदानाचं समन्वयाचं काम नागपूरचं झेडटीसीसी (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र) बघतं. मात्र लहान मुलांसाठी बहुधा आई किंवा वडील यकृताचा तुकडा देतात आणि त्यासाठी अनेकदा मुंबई-पुण्याकडे जावं लागतं. दोघांचा रक्तगट आजच तपासून वहीत लिहा.

पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होतानाच तिथे जा, बिल तयार झाल्यावर नको. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही समाजसेवा अधीक्षकाकडून भरून घेता येतो.

झाडणं, माळ, नाकातले थेंब

वडीलधाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांनी आयुष्यात कावीळ 'उतरताना' पाहिलेली असते. ती उतरते, कारण हिपॅटायटिस ए बहुतेक मुलांत आपोआपच बरा होतो. झाडणारा चुन्याच्या पाण्याने हात धुतो तेव्हा पाणी पिवळं होतं ते आंब्याच्या सालीला चुन्याची निवळी लागल्यामुळे. नाकात देवडांगरी या कडू फळाचे थेंब घातल्यावर वाहणारं पिवळं पाणी म्हणजे आतल्या त्वचेची जळजळ आहे. त्यात रक्त गोठत नसलेल्या मुलाचं नाक फुटलं तर थांबत नाही. गळ्यात माळ घालायची असेल तर घाला, आजीच्या मनाला बरं वाटेल. पण पोटात गावठी पुडी नाही, नाकात थेंब नाही, पोटावर तापल्या सळईचा डाग नाही, आणि यासाठी एक दिवसही घालवायचा नाही. आजीशी भांडण्यापेक्षा तिला वहीचं काम द्या. दिवसभर पोराजवळ तीच तर असते.

घरी परतल्यावर : ताट आणि पाणी

तेल, तूप, हळद, मीठ सगळं तोडून महिनाभर उकडलेल्या भाज्यांवर ठेवलेलं मूल फक्त वाळतं. हळद पिवळी आहे म्हणून कावीळ वाढत नाही. वरण-भात, त्यावर थोडं तूप, पोळी, खिचडी, दही, अंडं, केळी, संत्री, जे रुचेल ते, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. सकाळी मळमळ कमी असते, तेव्हा पोटभर द्या. रात्री झोपण्याआधी काहीतरी खाऊ घालाच. रसवंतीवरच्या उसाच्या रसाने कावीळ जात नाही, आणि त्यातल्या बर्फाने दुसरं दुखणं येऊ शकतं. सावजी रस्सा, तर्री मात्र मळमळ जाईपर्यंत बाजूला ठेवा. झोपून राहण्याची सक्ती नको; दमेल तेव्हा ते स्वतः थांबेल.

पाणी उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट खळखळू द्या. तोटीला लावायच्या साध्या फिल्टरने किंवा कँडल फिल्टरने विषाणू अडत नाहीत. उन्हाळ्यात दाब कमी झाला की वस्तीत टिल्लू पंप लागतात. पंप नळातून ओढतो तेव्हा फुटक्या जोडातून नालीचं पाणीही ओढलं जातं. एका घरचा पंप पाच घरांना आजारी पाडू शकतो, म्हणून हे शेजाऱ्यांशी बोलायचं काम आहे. बराच वेळ बंद असलेला नळ सुरू झाला की पहिलं गढूळ पाणी जाऊ द्या. घरच्या विहिरीचं पाणी धुण्याभांड्यालाही वापरत असाल तर ते महापालिकेकडून तपासून घ्या.

हात साबण-पाण्याने धुवायचे. हिपॅटायटिस ए आणि ॲडिनोव्हायरस या दोघांवर सॅनिटायझर कच्चा पडतो. शी साफ केल्यावर आणि जेवण वाढण्याआधी हात धुणं हाच खरा अटकाव. घरात गरोदर बाई असेल आणि आजार हिपॅटायटिस ई निघाला तर तिची ताबडतोब तपासणी, कारण गरोदरपणात तो जिवावर बेततो. भावंडांना हिपॅटायटिस ए ची लस संपर्कानंतर १४ दिवसांच्या आत दिली तर अजूनही उपयोग होतो. ही लस एक वर्षानंतर देता येते, पण सरकारी लसीकरणात नाही, विकत घ्यावी लागते. हिपॅटायटिस बी ची मात्र जन्मतः आणि पुढे सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतून मोफत मिळते. कार्डावर नोंद आहे का बघा.

पुढचे सहा महिने

आकडे पूर्ण उतरेपर्यंत डॉक्टर सांगतील तशी तपासणी, सुरुवातीला साधारण दर आठवड्याला. हिपॅटायटिस ए काही मुलांत बरा होऊन पुन्हा डोकं वर काढतो. घाबरू नका, पण नोंद ठेवा. एसजीपीटी सहा महिन्यांनंतरही वर असेल तर ती अचानक आलेली सूज राहिलेली नाही. ऑटोइम्यून आणि विल्सनच्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. विल्सन निघाला तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करा, ती कितीही निरोगी दिसत असली तरी.

कारण न सापडलेल्या हिपॅटायटिसनंतर एक धोका असतो आणि घरी पाठवताना त्याचं बोलणं राहून जातं. कावीळ गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी थोड्या मुलांमध्ये हाडातला मगज रक्त बनवणं थांबवतो. मूल पांढरंफटक पडतं, अंगावर निळे-लाल ठिपके येतात, हिरड्यांतून रक्त येतं, ताप जात नाही. घरचे समजतात कावीळीचा अशक्तपणा. म्हणून सुट्टी मिळताना विचारून घ्या की सीबीसी कधी-कधी करायचा, आणि पुढच्या तारखा वहीत लिहून टाका. मधल्या काळात ठिपके दिसले तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सीबीसी करा, आणि जुनी वही घेऊन त्याच दवाखान्यात जा जिथे मूल दाखल होतं.